वंडी चार्ज होत नाही

वरुणरावांची वंडी इतकी जुनी होती, की गल्लीतले लोक म्हणायचे, सरफोजीराजे काशीला गेले ते हिच्यातूनच, आणि परत येताना हिला हत्ती लावून ओढत आणावं लागलं. वंडी म्हणजे आपली गाडी हो. तंजावरच्या मराठी घरात गाडी म्हटलं तर पोरं वळूनसुद्धा बघत नाहीत; वंडी म्हटलं की चपला घालून दारात हजर.

खरं म्हणाल तर ती एकेकाळी खेड्यापाड्यात फिरणारा दवाखाना होती. मागच्या दारावरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण कितीदा रंग फासला तरी आतून डोकं वर काढायचाच. वरुणराव शाळेत फिजिक्स शिकवून रिटायर झाले आणि ही भंगारात निघालेली बाई त्यांनी घरी आणली. आत पलंग ठोकला, बुटका फ्रिज बसवला, पंखा, शेगडी, तोंड धुवायला बेसिन. अंगणातल्या नारळाखाली ती उभी राहिली की मागच्या खऱ्या घरापेक्षा जास्त घरासारखी दिसायची.

आणि त्यांची बायको सुंदरी! वंडी कुठं जाऊन आली हे वरुणराव सांगायचे, आणि काय झालं ते सुंदरी. कोडैकानलचा घाट म्हणे वंडी उलटी चढली, कारण पुढच्या गियरला दरीची भीती वाटत होती. रामेश्वरच्या पुलावर खिडकीतून एक मासा आत आला, शेगडीपाशी जाऊन पडला आणि हे शाकाहारी लोक आहेत म्हटल्यावर तोंड वाकडं करून परत गेला. वरुणराव म्हणायचे, "अगं, निदान पूल तरी खरा आहे तेवढं राहू दे." ती म्हणायची, "पूल मी कोठे नाही म्हटला? पूल आहेच की."

अशी बाई, आणि तिच्याच छातीतला वारा संपत आला.

डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं आतून कडक झालीत, ती मऊ करायचं औषध नाही. एक यंत्र दिलं. खोलीतल्या हवेतून प्राणवायू वेगळा काढायचा आणि नळीनं नाकात सोडायचा. रात्रंदिवस ते यंत्र पलंगाशेजारी घुर्र-फुस, घुर्र-फुस करत राही. करंट आहे तोवर यंत्र, यंत्र आहे तोवर सुंदरी. वरुणरावांनी आयुष्यभर पोरांना करंट शिकवला, पण करंट म्हणजे काय ते त्यांना आत्ता कळलं.

तेही त्यांनी पचवलं असतं. पण उन्हाळ्यात बेळगावचा अण्णा पडला.

अण्णा म्हणजे सुंदरीचा थोरला भाऊ रघोजी. नोकरीला म्हणून बेळगावला गेला तो तिकडचाच झाला. रोज संध्याकाळी दिवा लावला की दोघांचा फोन. बातम्या-बितम्या नाहीत हो, नुसत्या थापा. आज एकानं टाकायची, उद्या दुसऱ्यानं त्याच्यावर चढवायची. अण्णा सांगायचा, बेळगावात असा पाऊस पडला की छत्र्यांना कोंब फुटले. सुंदरी म्हणायची, एवढंच? आमच्या तिरुवैयारूत कावेरी इतकी आटली की मासे बसचं तिकीट काढून पापनाशमला राहायला गेले. आणि हे सगळं त्यांच्या आईच्या मराठीत, जी बेळगावात बोलली तर लोक हसतात आणि तंजावरात बोलली तर पोरं तमिळमध्ये उत्तर देतात. ती बोली आता त्या दोघांच्या फोनातच काय ती राहत होती.

झटका आला आणि अण्णाची वाचा गेली. सून जननी फोन त्याच्या कानाला धरायची. सुंदरी थाप टाकायची आणि वाट बघायची. पलीकडून नुसतं "अं... अं..."

"भिंतीवर चेंडू टाकावा आणि भिंतीनंच तो गिळावा, तसं होतंय बघा," ती वरुणरावांना म्हणाली. "मला त्याच्यासमोर नेऊन बसवा. जीभ गेली तर गेली. डोळे आहेत ना? मी थाप मारली की त्याच्या डोळ्यांत जबाब येतो. लहानपणापासून येतो. मला तो बघायचाय. मग तो जाऊ दे, मी जाऊ दे."

डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं. रेल्वेत यंत्राला अख्खी वाट करंट मिळेल याची हमी कोण देणार? अँब्युलन्स म्हटली तर सुंदरी भडकली. "अण्णाच्या दारात मी आडवी जाऊन उतरू? त्याला वाटेल मीच आधी गेले."

राहिली वंडी. पलंग होता, खिडकी होती, वरुणरावांच्या हातांना तिचा एकेक स्क्रू माहीत होता. यंत्र चालवायला बॅटरीही होती. फक्त ती बॅटरी चार्ज होत नव्हती.

अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात बघा. एक इंजिनाची, पुढं. एक घराची, पलंगाखाली. फ्रिज, पंखा, दिवे आणि आता सुंदरीचं यंत्र, सगळं तिच्यावर. इंजिन फिरलं की डायनमो फिरतो आणि दोघींना भरतो. पुढची भरत होती. मागची मात्र भरल्या घरात उपाशी बसलेल्या सासूसारखी. वंडी कितीही पळवा, हिच्या पोटात काही जायचंच नाही. दिवे लागत, पंखा फिरे, आणि सुंदरीचं यंत्र जोडलं की बघता बघता सगळं मावळून जाई.

वरुणराव मागे लागले. पट्टा ढिला आहे का पाहिला, नवा घातला. डायनमो उतरवून बाकावर फिरवून पाहिला, ठणठणीत. दोन्ही बॅटऱ्या जोडणारा रिले बदलला. फ्यूज बदलला. पुढून मागं येणारी जाड तार सगळी उपसून नवी ओढली. प्रत्येक वेळी मीटरची काळी तार गाडीच्या लोखंडी अंगाला लावायची, लाल तार बॅटरीच्या टोकाला, इंजिन सुरू करायचं. काटा चौदावर! म्हणजे करंट येतोय. दारापर्यंत येतोय आणि बॅटरी आत घेत नाही.

"बॅटरीच मेलीय, सार," बायपासवरचा इलेक्ट्रिशियन शिवकुमार म्हणाला. तो वरुणरावांचाच जुना विद्यार्थी, फिजिक्सात दोनदा नापास. नवी बॅटरी आणली. तीही चार दिवसांत सासू झाली.

"आता?" वरुणरावांनी विचारलं.

शिवकुमारनं डोकं खाजवलं. "सार, वंडीला दृष्ट लागलीय. लिंबू बांधा."

"तुला मी ओहमचा नियम शिकवला तो लिंबू बांधायला?"

"तो नियम तेव्हाही चालला नव्हता, सार. तुम्ही मला बाकावर उभं केलं होतंत."

सुंदरी पलंगावरून हे ऐकून हसली आणि हसण्याचा खोकला झाला आणि खोकल्याचं काय झालं ते बघवेना. शिवकुमारनं मान खाली घालून हत्यारं गोळा केली. जाताना म्हणाला, "सार, लवकर करा काहीतरी."

लवकर करा! वरुणराव वंडीखाली उताणे पडून वर बघत राहायचे. तारा, गंज, तेलाचे थेंब. चाळीस पोरांच्या वर्गात फळ्यावर चूक राहिली की त्यांना पाठीत कळायचं. इथं चूक डोळ्यांसमोर असणार, आणि दिसत नाही. वरून तिच्या यंत्राचा आवाज, घुर्र-फुस. बेळगावातून रोज जननीचं तेच: मामंजी आज कमी जेवले. आज पेज घेतली. आज तीही नको म्हणाले. वरुणरावांना वाटायचं, दोन टोकांना दोन माणसं विझत चालली आहेत आणि मधली तार आपल्या हातात आहे, आणि आपल्याला ती जोडता येत नाही. एकदा तर ते खालीच रडले. वर येऊन म्हणाले, तेल गेलं डोळ्यांत. सुंदरीनं पदर पुढं केला. "पुसा. फार तेल गळतंय वंडीचं हल्ली," म्हणाली.

त्या आठवड्यात शुक्रवार आला.

इथं एक मागची गोष्ट सांगायला हवी. वंडी घरी आली त्या वर्षी आयुधपूजा होती. तंजावरात त्या दिवशी शिवणयंत्रापासून विळीपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं. सुंदरीनं ताट घेऊन विचारलं होतं, "या वंडीचा जीव कोठे आहे हो? चाकाला लावू, की इंजिनाला?" वरुणराव मास्तर माणूस. प्रश्न आला की धडा सुरू. पलंगाच्या पायथ्याशी, बॅटरीच्या पेटीशेजारी गाडीच्या सांगाड्यात एक जाडजूड बोल्ट वर आलेला होता. तो दाखवून ते म्हणाले, "करंट कुठूनही जाऊ दे, फिरून शेवटी इथंच यायला लागतो. हा अर्थ, म्हणजे अर्थिंग. हा नाही तर काहीच नाही."

झालं. हा नाही तर काहीच नाही म्हटल्यावर तो देवच की. सुंदरीनं त्या बोल्टला हळद लावली, चंदन लावलं, कुंकू लावलं आणि मग दर शुक्रवारी चमचाभर दूध आणि पाणी घालून अभिषेक. वर्षं गेली. चंदनावर चंदन चढून बोल्टाचं गोजिरं पिंडीसारखं ध्यान झालं. वरुणराव हत्यार घेऊन वंडीभर फिरले, पण त्या ध्यानाला वळसा घालून. शिवकुमार तर आत येताना चपला काढायचा आणि त्याच्याकडं पाय होणार नाहीत असा अंग चोरून बसायचा. अर्थ पक्का आहे का, हे कुणी कशाला विचारील? त्याची तर पूजा होत होती!

त्या शुक्रवारी सुंदरीला पलंगावरून उठवेना. "तुम्ही करा आज," ती म्हणाली. "जुनं चंदन ओल्या फडक्यानं पुसा आधी. फार साठलंय. हळू, हळू! देव आहे तो, तुमच्या वर्गातला शिवकुमार नव्हे."

वरुणरावांनी फडकं फिरवलं. ध्यान फिरलं. पुन्हा फिरवलं. तर चंदनाचा गोळा, आतला बोल्ट, त्याच्या गळ्यातलं तारेचं कडं, सगळं खपली निघावी तसं हातात आलं. आत लोखंड राहिलंच नव्हतं. दूध, पाणी, हळद पिऊन पिऊन लोखंडाची तपकिरी भाकरी झाली होती. धागाभर चिकटून होतं, त्यावर दिवे लागत होते. मोठा करंट त्यातून जाणार कसा? आणि मीटरची काळी तार त्यांनी जन्मभर गाडीच्या चांगल्या अंगाला लावली, बॅटरीच्या आणि अंगाच्या मधल्या या सांध्यावर एकदाही नाही.

ते तसेच बसून राहिले. हातात देव.

"काय झालं?" सुंदरीनं मान उचलली. मग तिनं पाहिलं. "म्हणजे मीच?"

"छे. खारी हवा. लोखंड गंजतंच."

"तंजावरात खारी हवा! समुद्र केव्हा आला?" ती कशीबशी म्हणाली. "थाप कशी मारायची तेसुद्धा शिकला नाहीत माझ्याकडून. इतकी वर्षं फुकट."

वरुणरावांनी सांगाडा खरवडून चकचकीत केला, नवा बोल्ट, नवं कडं, वर ग्रीस. इंजिन सुरू केलं. आता मीटर त्यांनी सरळ बॅटरीच्या दोन टोकांना लावला. काटा उठला आणि चौदाच्या पुढं जाऊन स्थिर झाला. त्यांनी तिचं यंत्र वंडीवर जोडलं. दिवसभर चाललं. दिवा मंद झाला नाही, फ्रिजनं कुरकूर केली नाही. शिवकुमार बघायला आला, बोल्टाकडं पाहून त्यानं गालावर हात मारून घेतले आणि लिंबू मागंच लपवलं.

सुंदरीनं संध्याकाळी स्वतः फोन केला. "अण्णा, ऐक. सोमवारी निघतो आम्ही."

पलीकडं काहीतरी आवाज झाला. जननीनं फोन हिसकावून घेतला. "आत्या! हसले हो! झटका आल्यापासून पहिल्यांदा हसले मामंजी!"

रविवारी वरुणराव म्हणाले, तिरुवैयारूपर्यंत चक्कर मारून बघू. सुंदरीला खिडकीशी बसवलं. यंत्र पायाशी चालू. कावेरीचा पूल आला, पाणी सुटलेलं होतं. तिनं हात बाहेर काढला. वरुणरावांचं सगळं लक्ष मीटरवर. चौदा. ब्रेक मारला, चौदा. दिवे लावून पाहिले, चौदा. आनंदानं ते मागं वळले आणि म्हणाले, "बघ, जरा हलत नाही काटा!"

सुंदरीचे ओठ जांभळे झाले होते.

त्यांनी वंडी बाजूला घेतली. बोटाला लावायची ती चिमटी, रक्तात प्राणवायू किती आहे सांगणारी, ती कुठं आहे म्हणून शोधली तर तिच्या उशीच्या खोळीत निघाली. किती आठवडे ती खोळीतच होती. यंत्राचं बटण पाहिलं तर शेवटाला भिडलेलं. ती रोज थोडं थोडं वाढवत आली होती, आणि ते वंडीखाली उताणे पडून दुसरंच मीटर वाचत होते.

"का नाही सांगितलंस?"

तिला बोलता येत नव्हतं. तिनं वंडीच्या तळाकडं बोट केलं, मग त्यांच्या छातीकडं. तुम्ही तिकडं इतक्या आशेनं लागला होतात, असं असावं. वरुणरावांनी तिचा अर्थ तेवढा लावला.

डॉक्टरांनी काही फार बोलणं केलं नाही. ते लहान यंत्र आता पुरणार नाही. मोठं लागेल, दुप्पट करंट खाणारं. ते घरीच चालवायचं. बेळगाव सोडा, घराबाहेरचा मेलवीथी रस्तासुद्धा ओलांडायचा नाही. वरुणरावांनी मनातल्या मनात हिशेब मांडला, ती सवयच. अशा यंत्राला वंडीची बॅटरी दोन तास पुरली तर नशीब. दोन तासांत माणूस बेळगावला जात नाही, नामक्कललाही जात नाही.

घरी येऊन ते म्हणाले, "मी जननीला सांगतो."

"काय?"

"खरं तेच."

"तो हसलाय," सुंदरी म्हणाली. आता तिला दोन-दोन शब्दांनंतर थांबावं लागे. "हसलेल्या माणसाला... खरं सांगायचं? कुठल्या शाळेत... शिकवतात असं?"

सोमवारी सकाळी तिनं नीट नऊवारी नाही, पण आवडती कांजीवरम काठाची साडी नेसवून घेतली आणि वंडीत जाऊन बसली. मोठं यंत्र ओसरीवर, त्याची नळी खिडकीतून आत. यंत्राची वायर स्वयंपाकघरात. वरुणरावांना तिनं ड्रायव्हरच्या जागी बसवलं. "लावा... इंजिन."

इंजिन लागलं. वंडी सगळ्या अंगानं थरथरली. सुंदरीनं फोन लावला. "अण्णा, निघालो रे! हे काय... वल्लम आलं. अहो, हॉर्न! म्हैस आडवी आली!"

वरुणराव बघतच राहिले. तिनं डोळे वटारले. त्यांनी हॉर्न दाबला. नारळावरचे कावळे उडाले. समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन बघून गेली.

फोनमधून अण्णाचा आवाज आला. "अं! अं!" तो आवाज निराळा होता. वरुणरावांनाही कळलं.

मग रोज. संध्याकाळी इंजिन लावायचं आणि अंगणात उभ्या उभ्या प्रवास करायचा. तिरुच्चीला रॉकफोर्टवरच्या गणपतीनं म्हणे वंडी बघून सोंड वर केली, ती अजून खाली घेतलेली नाही. नामक्कलला एका कोंबडीनं फ्रिजमध्ये अंडं घातलं आणि दार नीट लावून घेतलं. सेलमला आंबेवाल्यानं वंडीच विकत मागितली, आढी घालायला. सुंदरी बोलायची, थांबायची, नळीतून वारा ओढायची, पुन्हा बोलायची. आणि बेळगावातून जननी सांगायची, मामंजी जेवायला लागलेत. मामंजींनी आज बोटानं नकाशात होसूर दाखवलं. नातवानं, कार्तिकेयानं, त्यांची खुर्ची फाटकापाशी नेलीय, तिथंच बसतात दिवसभर.

फाटकापाशी! वरुणरावांना तेव्हा नीट दिसलं, ही रोज वंडी पुढं पुढं नेतेय. होसूर झालं की तुमकूर, तुमकूर झालं की चित्रदुर्ग, आणि मग? बेळगाव आल्यावर काय करायचं? ते सुंदरीला विचारायचा त्यांना धीर झाला नाही. त्यांनी दुसरंच केलं. दुसऱ्या दिवशी फोन लावायच्या आधी म्हणाले, "आज रेडिएटर फुटला म्हण."

सुंदरीनं त्यांच्याकडं पाहिलं. सगळं समजली. "बरं," म्हणाली.

मग बिघाड सुरू झाले. ज्या माणसानं महिनाभर एक बिघाड काढण्यासाठी कंबर मोडून घेतली, तो आता सकाळी उठून नवे बिघाड शोधत बसायचा. आज पट्टा तुटला. आज क्लच प्लेट जळाली, गावात मिळत नाही, बेंगळुरूहून मागवलीय. आज मेकॅनिकच्या मुलीचं लग्न.

"तुमच्या बिघाडात... मजा नाही," सुंदरी कुरकुरायची. "पट्टा तुटला म्हणे. पट्टा... माकडानं नेला म्हणा. कमरेला बांधून... पोलिसात भरती झालं म्हणा."

तशी ती सांगायची, आणि तिकडं अण्णा "अं! अं!" करायचा. पण तिचे शब्द दिवसागणिक कमी होत चालले. माकड पोलिसात गेलं तेवढंच राहायचं, पट्टा राहून जायचा. मग नुसतं, "अण्णा... येतोय." मग नुसतं, "अण्णा."

एका संध्याकाळी तिनं फोन लावला आणि ओठ हलवले, आवाज बाहेर आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. यंत्र ओसरीवर घुर्र-फुस करत होतं, इंजिन धडधडत होतं, पलंगाखालची बॅटरी काठोकाठ भरलेली होती.

जननी पलीकडून ओरडत होती. "आत्या? कुठवर आलात हो? आज मामंजींना सकाळपासून धाप आहे. डॉक्टर म्हणाले, ज्यांना यायचं त्यांना लवकर बोलवा. पण खाटेवर जात नाहीत. फाटकातून हलत नाहीत. आत्या, किती राहिलं? रात्री पोचाल ना?"

सुंदरीनं फोन वरुणरावांपुढं धरला. ते मान हलवत राहिले, नाही, नाही. त्यांना खरं सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तिनं फोन त्यांच्या हातात कोंबला आणि त्यांचं मनगट घट्ट धरून ठेवलं. बोटं थंडगार.

"जननी," वरुणराव म्हणाले, "फोन अण्णांच्या कानाला दे."

खडखड झाली. मग श्वास. ओला, अडखळणारा, लांबच्या माणसाचा श्वास. इकडं हिचा, तिकडं त्याचा. वरुणरावांनी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला.

"अण्णा, मी वरुण. ही... ही झोपलीय जरा. दावणगेरे सोडलं आम्ही." दावणगेरेनंतर काय येतं ते त्यांना आठवेना. "रस्ता चांगला आहे. इथं एक... इथं बघा, एक उंट... नाही, उंट नाही. अण्णा, ढग आलेत. आणि ढगांना... ढगांना शेतकऱ्यांनी दावणीला बांधलंय, म्हणजे पळू नयेत म्हणून. मी बघितलं. दोर दिसत होते."

पलीकडं श्वास थांबला. मग अगदी बारीक, "अं."

त्यांनी मागं वळून पाहिलं. सुंदरी त्यांच्याकडंच बघत होती. ती काहीतरी खुणावत होती, तळहात खाली, पुन्हा पुन्हा. हळू. हळू चालवा.

वरुणरावांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.